दोन कार्बोरेटर, एक मूठ : जुन्या मोटारसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग, याविषयी सोलापूर शहरातून आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांनाही त्यातला काही भाग उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा कामगार, आहे. माझ्याकडे काकांची १९८७ सालची लो टॉर्क (कमी ताकदीच्या आवृत्तीची) राजदूत ३५० आहे. अनेक वर्षे बंद असलेली ही गाडी गेल्या वर्षी चालू केली, दोन्ही कार्बोरेटर उघडून स्वच्छ केले आणि ॲक्सिलरेटरची नवी केबल घातली. स्लोवर, म्हणजे मूठ सोडलेली असताना, गाडी कधी नीट वाजते, तर कधी मूठ सोडल्यावरही रेस वाढलेलीच राहते. साधारण तीन हजार आरपीएमपर्यंत हँडलला धडधड जाणवते आणि त्यापुढे ती थांबते. डावा प्लग पांढरट आणि उजवा काळा, ओलसर निघतो. मिस्त्री दोन्ही स्लो स्क्रू कानाने फिरवून बॅलन्स करून देतात, पण थोड्याच दिवसांत पुन्हा तोच प्रकार होतो. हे काम घरी करता येईल का, आणि त्यासाठी व्हॅक्यूम गेज (इंजिन किती जोराने हवा ओढते ते मोजणारे उपकरण) घ्यावे लागेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : घरी करता येईल आणि गेजची गरज नाही. मात्र आपण लिहिलेल्या लक्षणांपैकी निम्मी लक्षणे बॅलन्सची नाहीत, म्हणून आधी ती वेगळी काढू.

कार्बोरेटर जुळलेले नसले, म्हणजे मूठ फिरवल्यावर एक स्लाइड (कार्बोरेटरमधील हवेचा मार्ग उघडणारी सरकती झडप) आधी आणि दुसरी नंतर उचलली जात असली, तर कमी आरपीएमवर धडधड होते, पिकअप अडखळतो आणि मूठ बरीच उघडल्यावर तो फरक जाणवेनासा होतो. आपल्या हँडलची धडधड याच कारणाची असावी. मात्र एक प्लग पांढरा, दुसरा काळा आणि मूठ सोडूनही न उतरणारी रेस ही मिश्रण बिघडल्याची लक्षणे आहेत. डावे सिलिंडर कुठून तरी जास्तीची हवा घेत असले पाहिजे, किंवा त्याला पेट्रोल कमी मिळत असले पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच ऑइल आत जाते आणि कोरडे मिश्रण पिस्टन तापवते, म्हणून पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष करून स्लो स्क्रू फिरवत राहणे म्हणजे पिस्टन अडकून इंजिन सीझ होण्याची वाट पाहणे आहे.

सुरुवात सर्वांत सोप्या तपासणीपासून करावी. दोन्ही प्लगांची अदलाबदल करून गाडी थोडी चालवावी. पांढरेपणा पुन्हा डावीकडेच आला, तर प्लग निर्दोष आहे. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) आणि ठिणगी देणारी स्वतंत्र कॉइल असल्यामुळे टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे तपासावे लागते. एका बाजूचे टायमिंग पुढे आणि दुसरीचे मागे असेल, तर कार्बोरेटर कितीही जुळवले तरी इंजिन एकसारखे वाजणार नाही. पॉइंटमधील अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवून मगच पिस्टनची स्थिती मोजणाऱ्या डायल गेजने टायमिंग लावावे. अंतर बदलले की टायमिंग बदलते, त्यामुळे हा क्रम उलटा करू नये. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनही, म्हणजे आत तयार होणारा दाबही, मोजून घ्यावे. त्यात ठळक फरक निघाला, तर खर्च कार्बोरेटरवर न करता पिस्टन आणि रिंगवर करावा लागेल.

यानंतर हवेची गळती पाहावी. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधले रबर इतक्या वर्षांत कडक होते आणि त्याला आतून बारीक चिरा पडतात. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे तर नक्कीच. रबर काढून, वाकवून, उजेडात पाहावे. त्याच वेळी रीड व्हॉल्व्हही, म्हणजे मिश्रण आत घेऊन मागे न जाऊ देणारी पातळ पट्ट्यांची झडपही, बाहेर काढून बघावा. त्याची एखादी पट्टी टोकाला तुटलेली असेल किंवा बसण्याच्या जागेपासून उचललेली राहत असेल, तर त्या बाजूचा कार्बोरेटर पेट्रोल मागे फेकतो. रबर आणि रीड दोन्ही ठीक असूनही डावा प्लग पांढराच राहिला, तर संशय क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) डाव्या ऑइल सीलवर घ्यावा. त्या बाजूला पॉइंट आणि वीज तयार करणारा आल्टरनेटर असून तिथे ऑइल नसते. त्यामुळे ते सील गेले की क्रँककेस, म्हणजे क्रँकची पेटी, बाहेरची कोरडी हवा ओढते, आणि मूठ सोडूनही रेस उतरत नाही. उजवीकडे क्लच आहे. त्या बाजूचे सील गेल्यास गिअर ऑइल आत ओढले जाते, प्लग ओला होतो आणि सायलेन्सरमधून दाट धूर येतो. आपला उजवा प्लग ओलसर आहे, म्हणून गिअर ऑइलची पातळी कमी होते का, हे पाहून ठेवावे. ती होत नसेल, तर उजव्या कार्बोरेटरमध्ये थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसत नसेल किंवा फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर असेल. अनेक वर्षे बंद राहिलेल्या गाडीची दोन्ही सील न बदलता ती रस्त्यावर आणू नये, असे माझे मत आहे. इंजिन उघडावे लागते हे खरे, पण हे सील रबराचे असते आणि रबराचे वय गाडी चालवली नाही म्हणून थांबत नाही.

हे सारे निस्तरल्यावर बॅलन्सकडे वळावे. मिस्त्रींच्या हातून ते का टिकत नाही, ते आधी सांगतो. स्लो स्क्रू स्लाइडला खालून टेकू देतो आणि त्याचे काम मूठ सोडलेली असतानाच चालते. मूठ फिरवताच स्लाइड त्या स्क्रूवरून उठते आणि तिथून पुढे तिचा ताबा केबलकडे जातो. दोन केबलींची ढिलाई वेगळी असेल, तर स्लो स्क्रू कानाने कितीही जुळवले तरी जुळणी फक्त उभ्या गाडीपुरती राहते. आपण जॉबर आहात, तेव्हा तुम्हाला हे एका वाक्यात कळेल : ताण्याच्या एका बाजूचे धागे ढिले असताना माग बंद असेपर्यंत कापड सरळ दिसते, फरक कळतो तो माग चालू झाल्यावर. त्यातच आपण केबल नवी घातली आहे, आणि नवी केबल सुरुवातीच्या दिवसांत थोडी बसते. मिस्त्रींनी लावलेले बॅलन्स थोड्या दिवसांत जाण्यामागे तेही कारण असावे.

या गाडीत मुठीपासून निघालेली एकच केबल पुढे जोडणीत तीन शाखांत विभागते. दोन शाखा कार्बोरेटरकडे आणि तिसरी इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपाकडे जाते. त्यामुळे काम करताना तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

इंजिन थंड असताना एअर फिल्टर आणि त्याचे रबर काढून दोन्ही कार्बोरेटरची तोंडे मोकळी करावीत. दोन्ही स्लो स्क्रू इतके बाहेर काढावेत की स्लाइड पूर्ण तळाला बसतील. नंतर मूठ हळूहळू उघडून मिटत जावी आणि कान लावून ऐकावे. स्लाइड तळाला टेकताना 'टक' असा आवाज येतो. दोन वेगळे आवाज आले, तर एक स्लाइड आधी बसते आहे. ही चाचणी ढोबळ आहे, पण चूक कोणत्या बाजूला आहे हे ती लगेच सांगते.

नेमके माप घेण्यासाठी एकाच मापाचे दोन ड्रिल बिट घ्यावेत, तीन मिलिमीटरचे चालतील. त्यांचा गुळगुळीत दांडा आत आणि धारेचे टोक बाहेर राहील असे धरावे, कारण धार आत गेली तर कार्बोरेटरच्या मऊ धातूवर ओरखडे उठतात. प्रत्येकाला दोरा बांधून तो बाहेर लोंबता ठेवावा, म्हणजे बिट आतच विसरून इंजिन चालू करण्याचा प्रसंग येणार नाही. मूठ थोडी उघडून प्रत्येक स्लाइडखाली एक बिट सरकवावा आणि मूठ सोडावी. स्लाइडच्या वजनाने व स्प्रिंगच्या दाबाने दोन्ही बिट अडकून राहतात. आता मूठ अगदी सावकाश उघडावी. दोन्ही बिट एकाच क्षणी सुटून खाली झुकले, तर स्लाइड बरोबर उचलल्या जात आहेत. एक आधी सुटला, तर त्या बाजूची केबल अधिक ताणलेली आहे. कार्बोरेटरच्या डोक्यावर असलेल्या ॲडजस्टरने तिला ढील द्यावी किंवा दुसरी ताणावी, पण दोन्ही केबलींत साधारण एक मिलिमीटरची मोकळीक राहिलीच पाहिजे. चेकनट आवळताना ॲडजस्टर त्याच्याबरोबर फिरतो आणि केलेले काम वाया जाते. म्हणून नट आवळल्यावर बिटची चाचणी पुन्हा करावी.

एवढ्यावर थांबू नये. मूठ पूर्ण उघडून दोन्ही स्लाइड तोंडाच्या वरच्या कडेपलीकडे गेल्या आहेत का, हे टॉर्चने पाहावे. एखादी अर्धवट लटकत असेल, तर केबलच्या शाखांची लांबी सारखी नाही, आणि स्वस्त मिळणाऱ्या केबलींमध्ये हे नेहमी आढळते. तशी केबल परत करावी, ॲडजस्टरने ती कधीच नीट होत नाही. हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवूनही स्लाइड हलता कामा नयेत.

आता स्लो स्क्रू स्लाइडला नुकते टेकेपर्यंत आत घ्यावेत आणि तिथून पुढे दोन्ही सारखेच फिरवावेत. एअर स्क्रू (स्लोवरच्या मिश्रणातील हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरी बाहेर काढावा. या कार्बोरेटरमध्ये एअर स्क्रू आत घेतला की मिश्रणात पेट्रोल वाढते आणि बाहेर काढला की हवा वाढते, हे लक्षात ठेवावे. गाडी चार-पाच किलोमीटर चालवून इंजिन पुरते गरम झाल्यावर एका बाजूचा एअर स्क्रू पाव पाव फेरी फिरवत रेस जिथे सर्वांत जास्त आणि स्थिर राहते तिथे थांबवावा, नंतर दुसऱ्या बाजूचाही तसाच. रेस वाढली की दोन्ही स्लो स्क्रू समान कमी करावेत आणि इंजिन साधारण १,२०० ते १,४०० आरपीएमवर स्थिर करावे. त्याहून कमी स्लो ठेवण्याचा हट्ट धरू नये. बुलेटसारखी संथ टकटक या इंजिनाकडून मिळणार नाही, आणि ती मिळवायच्या नादात प्लग काळे होतात.

उभ्या गाडीचे हवेने थंड होणारे इंजिन एप्रिल-मेमध्ये फार लवकर तापते. म्हणून हे काम सकाळी, अंगणात किंवा उघड्या जागी करावे आणि इंजिन एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक उभे चालवू नये. बंद गॅरेजात तर ते मुळीच चालवू नये, सायलेन्सरमधील वायू जीवघेणा असतो.

ऑइल पंपाची तपासणी मी मुद्दाम शेवटी घेतली आहे, कारण सगळे विसरतात ती हीच. कार्बोरेटरच्या केबली ताणल्या किंवा ढिल्या केल्या की त्यांचे आणि पंपाचे गणित बदलते. स्लाइड लवकर उघडू लागल्या आणि पंप मागे राहिला, तर चढावर इंजिनाला पेट्रोल भरपूर आणि ऑइल अपुरे मिळते. पंपाच्या चाकावर खूण असते आणि ती मुठीच्या कोणत्या स्थितीत जुळायला हवी, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. तिथे पाहून पंपाची केबल लावावी. गाडी बरीच वर्षे बंद होती, त्यामुळे पंपाच्या नळीतील हवाही काढून टाकावी. खात्री होईपर्यंत टाकीतील पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळून ठेवावे. धूर थोडा जास्त येईल, शेजारी कुरकुर करतील, पण पिस्टन वाचेल. आपल्या गाडीचा पंप काढून टाकलेला असेल आणि ऑइल पेट्रोलमध्येच घातले जात असेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा.

शेवटची कसोटी रस्त्यावर घ्यावी. तुळजापूरच्या घाटाचा चढ यासाठी सोयीचा आहे, कारण अर्ध्या मुठीवर इंजिन ओढताना अडखळते का, हे तिथे स्पष्ट कळते. चढ संपताच क्लच दाबून इंजिन बंद करावे, गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबवावी आणि प्लग काढून पाहावेत. दोन्हींचा रंग तपकिरी आणि एकमेकांशी जुळणारा असेल, तर काम झाले. मागून ट्रक येत असताना हा प्रयोग करू नये.

प्रश्न : माझ्या येझदी २५० ला दोन सायलेन्सर आहेत आणि डाव्या सायलेन्सरमधून उजव्यापेक्षा जास्त धूर येतो. तिचेही कार्बोरेटर बॅलन्स करून घ्यावेत का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : आपल्या गाडीला कार्बोरेटर एकच आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेल्या २५० सीसीच्या या गाड्यांना सिलिंडर एक, पण धूर बाहेर पडायचे मार्ग दोन असतात, त्यामुळे हा गैरसमज फार जणांचा होतो. दोन्ही सायलेन्सर एकाच सिलिंडरचे असल्याने धुरातला फरक कार्बोरेटरमुळे पडत नाही. ज्या बाजूने धूर कमी येतो ती बाजू काजळीने तुंबलेली असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही सायलेन्सर काढून आतल्या नळ्या आणि सिलिंडरची तोंडे खरवडून स्वच्छ करावीत.

प्रश्न : वडिलांनी जपलेली १९६८ सालची ट्रायम्फ बॉनव्हिल ६५० आमच्याकडे आहे. तिला ॲमल या कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत. प्लास्टिकची पारदर्शक नळी आणि ऑइल वापरून घरगुती व्हॅक्यूम गेज बनवतात असे ऐकले आहे. ते वापरावे का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : फोर-स्ट्रोक इंजिनात सेवन नळीतील निर्वात मोजून कार्बोरेटर जुळवणे ही रीत योग्य आहे. टू-स्ट्रोकला मी गेज नको म्हटले, त्याचे कारण तिथे स्लाइड थेट डोळ्यांनी आणि बिटने जुळवता येतात व क्रँककेसच्या ठोक्यांमुळे गेजचा काटा फार थरथरतो. आपल्या गाडीत मात्र गेज लावण्यासाठी दोन्ही बाजूंच्या मॅनिफोल्डवर (कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधल्या सेवन नळीवर) गेजची नळी लावायला तोंड असायला हवे. दोन्ही मॅनिफोल्ड जोडणारी बॅलन्स नळी असेल, तर ती तात्पुरती काढून तिथे गेज लावता येते. घरगुती नळीबद्दल एवढेच सांगतो की दोन्ही बाजूंत फरक मोठा असेल तर इंजिन नळीतले ऑइल ओढून घेते. म्हणून नळी चांगली लांब घ्यावी आणि आधी हाताने जुळणी करून मगच ती लावावी.

गेजशिवाय जुनी पद्धतही चांगली चालते. आधी वर सांगितल्याप्रमाणे स्लाइड एकत्र उचलतील अशा केबली लावाव्यात. मग इंजिन गरम करून, स्लो थोडा वाढवून एका सिलिंडरची प्लग कॅप काढावी आणि त्या कॅपमध्ये दुसरा प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवावा. कॅप उघडी सोडली तर कॉइलवर ताण येतो. चालू राहिलेल्या सिलिंडरचा स्लो आणि एअर स्क्रू जुळवून इंजिन जेमतेम, पण एकसारखे चालेल असे करावे. दुसऱ्या बाजूने तेच करावे आणि दोन्ही कॅप जोडल्यावर वाढलेली रेस दोन्ही स्लो स्क्रूंनी समान उतरवावी. या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात आणि स्फोट आलटून पालटून होतात. त्यामुळे जुळलेल्या इंजिनाचा ठोका कानाला अगदी समान अंतराने येतो.

ॲमलबद्दल एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. १९६७ पासून या गाड्यांना कॉन्सेंट्रिक प्रकारचा (फ्लोटची वाटी मध्यभागी असलेला) ॲमल येऊ लागला, आणि आपल्या गाडीला मूळचा असेल तर तोच असेल. त्याच्या फ्लॅंजचे, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेचे, नट जोर लावून आवळले की फ्लॅंज वाकतो, मधून हवा शिरते, आणि मग मालक आणखी जोर लावून नट आवळतो. सरळ पट्टी फ्लॅंजवर टेकवून उजेडात पाहावे. फट दिसली तर तो सपाट करून घ्यावा, नवा रबर रिंग घालावा आणि नट बेताने आवळावेत. स्लाइड हाताने हलवून खडखडत असेल, तर ती झिजली आहे, आणि झिजलेल्या स्लाइडवर स्थिर स्लो कोणीही लावून देऊ शकणार नाही.

प्रश्न : माझीही राजदूत ३५० आहे, हाय टॉर्क (जास्त ताकदीची आवृत्ती). वर्षातून काही वेळाच बाहेर काढतो. बॅलन्स केलेली गाडी दोन महिन्यांनी काढली की एकच सिलिंडर स्लोवर चालते. इथेनॉलचे पेट्रोल याला कारणीभूत आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काही अंशी आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी भागांना मानवत नाही आणि मिश्रणही थोडे कोरडे करते, कारण तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त लागते. १९८३ ते १९८९ दरम्यान बनलेल्या या गाडीच्या रबरांचा विचार कोणी या पेट्रोलसाठी केलेला नव्हता. मात्र एकच सिलिंडर बंद पडते, त्याचे थेट कारण बहुधा त्या कार्बोरेटरचा पायलट जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबणे हे आहे. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो, आणि पायलट जेटचे छिद्र इतके बारीक असते की तेवढा थर त्याला पुरतो. अशा वेळी बॅलन्सला हात लावू नये. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तार घालू नये, छिद्र मोठे झाले तर दोन कार्बोरेटर पुन्हा कधीच जुळणार नाहीत.

गाडी पंधरा दिवसांपेक्षा अधिक उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून दोन्ही वाट्यांच्या तळाचे स्क्रू काढावेत आणि पेट्रोल बाटलीत उतरवून घ्यावे. फक्त कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवण्याची पद्धत पुष्कळांना आवडते, पण टू-स्ट्रोकसाठी ती मला पसंत नाही, कारण शेवटच्या क्षणांत मिश्रण अगदी कोरडे होते. प्लग वारंवार पांढरे येत असतील आणि हवेची गळती नाही अशी खात्री असेल, तर दोन्ही कार्बोरेटरमधील नीडलची (स्लाइडला लटकलेल्या, पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्यावी. त्याने नीडल वर येते आणि मधल्या मुठीवर पेट्रोल वाढते. हे एकाच बाजूला करू नये. नंतर केबलचे माप, ऑइल पंपाची खूण आणि प्लगचा रंग यांची तपासणी पुन्हा करून घ्यावी.